कागद, पडदा आणि पुरावा

प्रस्तावना

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या विषयाची माहिती गोळा करून त्यावर लेखन करण्याचे काम आपल्याला अनेकदा करावे लागते. अशा वेळी माहिती कोठून घ्यावी, कोणत्या माहितीवर विश्वास ठेवावा आणि ती कोठून घेतली हे कसे सांगावे, असे प्रश्न पडतात. पुस्तकातील माहिती तेवढी खरी, असे मानणारे लोक आपल्याला भेटतात. तसेच जे मोबाइलवर सापडत नाही ते नाहीच, असे समजणारेही भेटतात. प्रस्तुत वैचारिक लेखात या दोन्ही समजुती तपासून पाहिल्या आहेत. लखनौजवळच्या एका गावाचे आणि मराठीतील एका प्रसिद्ध प्रवासवर्णनाचे उदाहरण घेऊन लेखकाने आपले मत मांडले आहे. ते मत आपल्याला पटते का, याचा विचार करीत हा पाठ वाचा.

मूळ पाठ

प्रकल्पलेखनाच्या सूचनांमध्ये एक वाक्य हमखास आढळते : 'किमान दोन छापील आणि दोन इलेक्ट्रॉनिक साधनांचा उपयोग करावा.' काही ठिकाणी ही सूचना अधिक कडक असते. इंटरनेटवरील माहिती ग्राह्य धरली जाणार नाही, असे तीत स्पष्ट बजावलेले असते. सूचना देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. विद्यार्थ्याने समोर येईल ते उतरवून काढू नये, चार ठिकाणी शोध घ्यावा, पुस्तकांची ओळख करून घ्यावी, अशी त्यामागची अपेक्षा असते. परंतु छापील साधन कशाला म्हणावे आणि इलेक्ट्रॉनिक साधन कशाला म्हणावे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. जणू काही ते सर्वांना ठाऊकच आहे! वास्तविक हीच गोष्ट आज सर्वांत अधिक गोंधळाची झाली आहे, आणि त्या गोंधळाची झळ शाळेच्या चार भिंतींबाहेर राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त बसते.

प्रथम साधी व्याख्या पाहू. कागदावर छापून प्रसिद्ध झालेले पुस्तक, वर्तमानपत्र, नियतकालिक, अहवाल, नकाशा किंवा शब्दकोश म्हणजे छापील साधन. संगणक, मोबाइल किंवा तत्सम उपकरणाच्या साहाय्यानेच जे वाचता, पाहता किंवा ऐकता येते ते इलेक्ट्रॉनिक साधन. ही व्याख्या तीस-चाळीस वर्षांपूर्वी पुरेशी होती. आज ती अपुरी पडते. याचे कारण असे की, आज आपण एखादा मजकूर कशावर वाचतो आणि तो मजकूर मुळात कोठे जन्मला, या दोन निराळ्या गोष्टी झाल्या आहेत.

एक उदाहरण घेऊ. एच. आर. नेव्हिल यांनी संपादित केलेले लखनौ जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०४ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. त्याची जुनी प्रत हाताळायला मिळणे आज दुर्मीळ. परंतु अशा जुन्या ग्रंथांच्या पानापानांची छायाचित्रे घेऊन ती डिजिटल ग्रंथसंग्रहांत ठेवलेली असतात आणि घरबसल्या वाचता येतात. आता एखाद्या विद्यार्थ्याने ते गॅझेटिअर मोबाइलच्या पडद्यावर वाचले, तर त्याने वापरलेले साधन छापील की इलेक्ट्रॉनिक? माझ्या मते ते छापीलच आहे. पानांचे क्रमांक तेच, अक्षरे तीच, चुकाही त्याच. बदलली आहे ती फक्त वाचण्याची सोय. दूरदर्शनवर ताजमहाल पाहिला म्हणून तो काही संगमरवराचा राहत नाही असे थोडेच आहे!

याच्या उलट उदाहरणही आहे. सरकारचे राजपत्र म्हणजे छापील कागदपत्रांतील सर्वांत भारदस्त साधन, अशी आपली समजूत असते. परंतु ऑक्टोबर २०१५ पासून भारत सरकारने आपल्या राजपत्राची छपाई थांबवली असून ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच प्रसिद्ध होऊ लागले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याने इलेक्ट्रॉनिक राजपत्रातील प्रसिद्धीला छापील राजपत्राइतकीच मान्यता आधीच दिलेली होती. म्हणजे एखाद्या नव्या नियमाचा अधिकृत मजकूर हवा असेल, तर तो जन्मानेच इलेक्ट्रॉनिक आहे. कोणी त्याची कागदावर प्रत काढली, तर ती प्रत छापील दिसेल. पण मूळ साधन इलेक्ट्रॉनिकच राहील. 'इंटरनेटवरील काहीही ग्राह्य नाही' असा नियम लावला, तर देशाचे राजपत्रही अग्राह्य ठरेल.

यावरून साधनांचे दोन नव्हे, तर तीन गट करावे लागतात. पहिला गट जन्माने छापील आणि कागदावरच वाचल्या जाणाऱ्या साधनांचा. दुसरा जन्माने छापील, पण पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या साधनांचा. आणि तिसरा जन्मानेच इलेक्ट्रॉनिक असलेल्या साधनांचा. वर्तमानपत्रे पहिल्या आणि तिसऱ्या गटांच्या सीमेवर उभी असतात, कारण एकच बातमी कागदावर एका स्वरूपात आणि संकेतस्थळावर थोड्या निराळ्या स्वरूपात येऊ शकते. तेव्हा आपण त्यांपैकी कोणती वाचली, हे सांगणे आवश्यक ठरते.

ही वर्गवारी प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते, ते पाहण्यासाठी एक गाव निवडू. लखनौ शहराच्या उत्तरेस, सीतापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर 'बख्शी का तालाब' नावाचे गाव आहे. तेथे भारतीय हवाई दलाचे केंद्र आहे, रेल्वे स्थानक आहे, तहसील कचेरी आहे. समजा, महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या एखाद्या कुटुंबातील गृहिणीने राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी मुक्त विद्यालयात नाव घातले आहे, आणि 'मी राहते ते गाव' असा विषय तिला प्रकल्पासाठी मिळाला आहे. तिने सुरुवात कोठून करावी?

पहिला प्रश्न नावाचाच. तालाब म्हणजे तलाव, हे उघड आहे. 'बख्शी' हा शब्द मराठी माणसालाही परका नाही. फौजेच्या पगाराचा हिशेब ठेवणारा अधिकारी म्हणजे बक्षी. महादजी शिंदे यांचे सेनानी जिवबादादा केरकर इतिहासात जिवबादादा बक्षी या नावानेही ओळखले जातात. मराठी शब्दकोश उघडला की हा अर्थ सापडतो, आणि जुने मराठी शब्दकोश आज छापील स्वरूपात तसेच पडद्यावरही उपलब्ध आहेत. म्हणजे गावाचे नाव एखाद्या बक्षीने बांधवलेल्या तलावावरून पडले, एवढे तर नावच सांगते. परंतु तो बक्षी कोण, तो कोणत्या नवाबाच्या चाकरीत होता आणि तलाव कोणत्या साली बांधला गेला, हे नाव सांगत नाही. इंटरनेटवर शोध घेतला की या प्रश्नांची उत्तरे क्षणात समोर येतात. खरा अभ्यास तेथून पुढे सुरू होतो. हे उत्तर देणाऱ्याने ते कोठून घेतले? त्याने एखाद्या ग्रंथाचे, शिलालेखाचे, दस्तऐवजाचे नाव दिले आहे का? की एकाने लिहिले आणि दहा जणांनी ते उतरवून घेतले? दहा ठिकाणी एकच वाक्य शब्दशः आढळले, तर ते दहा पुरावे नव्हेत. तो एकच पुरावा आहे आणि नऊ त्याच्या नकला आहेत.

मग तिने गॅझेटिअर पाहावे. पण गॅझेटिअर छापील आणि जुने आहे, म्हणून त्यातील प्रत्येक वाक्य प्रमाण मानावे काय? तेही योग्य नाही. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरे राज्यकारभाराच्या सोयीसाठी लिहिली गेली. सारा, जमीन, जाती, रस्ते, बाजार यांची माहिती त्यांत बारकाईने मिळते. परंतु गावातील माणसांना स्वतःविषयी काय वाटत होते, हे त्यांत शोधावे लागते आणि बहुधा सापडत नाही. शिवाय १९०४ च्या ग्रंथाला १९०४ नंतरचे काहीच ठाऊक नसते. बख्शी का तालाब हा विधानसभेचा मतदारसंघ २००८ च्या परिसीमन आदेशाने अस्तित्वात आला आणि तेथील पहिली निवडणूक २०१२ मध्ये झाली. त्यापूर्वी छापलेल्या कोणत्याही पुस्तकात या मतदारसंघाचे नाव असणार नाही. याची माहिती निवडणूक आयोगाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींतूनच सहज मिळेल. लोकसंख्येसाठी २०११ च्या जनगणनेचे तक्ते पाहावे लागतील, आणि तेही आज बहुतेक जण पडद्यावरच पाहतात. एका लहानशा गावाच्या प्रकल्पात असे दिसते की, जुन्या गोष्टींसाठी छापील साधन आणि नव्या गोष्टींसाठी इलेक्ट्रॉनिक साधन उपयोगी पडले. पण दोहोंनाही तेच प्रश्न विचारावे लागले : हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले, कशाच्या आधारे सांगितले?

'केव्हा' हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे लखनौतीलच एका संस्थेवरून कळते. पंडित विष्णू नारायण भातखंडे या मुंबईच्या संगीतशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौला संगीताचे महाविद्यालय सुरू झाले. तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणत. पुढे त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले आणि २०२२ मध्ये ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झाले. जुन्या पुस्तकात एक नाव, मधल्या काळातील पुस्तकात दुसरे आणि आजच्या संकेतस्थळावर तिसरे नाव पाहून विद्यार्थ्याला या तीन संस्था वाटण्याचा संभव आहे. यांतील कोणतेच साधन खोटे नाही. प्रत्येक साधन आपापल्या काळापुरते खरे आहे. साधनाची तारीख न पाहता त्यातील माहिती घेणे म्हणजे जुन्या पंचांगावरून आजची तिथी सांगण्यासारखे आहे.

छापले गेले म्हणजे खरे झाले, या समजुतीला मराठीतीलच एका ग्रंथाने चांगला धक्का दिलेला आहे. रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे वेदशास्त्रसंपन्न विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवण्याच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्याच्या वेळी ते झाशीतच होते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी आपली हकिकत लिहून काढली. ती 'माझा प्रवास' या नावाने चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये छापून प्रसिद्ध केली. मराठी वाचकांनी हे पुस्तक आवडीने वाचले, अभ्यासकांनी त्यातील उतारे दिले. परंतु वैद्यांनी गोडसे यांचा मजकूर जसाच्या तसा छापला नव्हता. त्यांनी भाषेत फेरफार केले होते, काही भाग गाळले होते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित होते. त्याच्या आधारे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ बरहुकूम आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा गोडसे यांची खरी लेखणी वाचकांसमोर आली.

१९०७ ते १९६६ म्हणजे जवळजवळ साठ वर्षे. या काळात ज्याने ज्याने गोडसे यांचे म्हणून जे वाक्य उद्धृत केले, ते कदाचित गोडसे यांचे नसून वैद्यांचे असेल! वैद्य हे विद्वान गृहस्थ होते. त्यांना फसवणूक करावयाची नव्हती. त्यांच्या काळाच्या रीतीप्रमाणे त्यांनी पुस्तक वाचनीय केले. तरी अभ्यासकाच्या दृष्टीने परिणाम व्हायचा तो झालाच. लखनौचे प्रसिद्ध हिंदी साहित्यिक अमृतलाल नागर यांनी या पुस्तकाचा 'आँखों देखा गदर' या नावाने हिंदी अनुवाद केला. तो पोतदारांच्या आवृत्तीच्या आधीचा आहे. त्या वेळी छापील स्वरूपात वैद्यांचीच प्रत उपलब्ध होती. म्हणजे मूळ हस्तलिखित, संपादित आवृत्ती, अनुवाद आणि मूळ बरहुकूम आवृत्ती असे एकाच हकिकतीचे चार अवतार झाले. आज कोणी त्यांतील एखादा अवतार संगणकावर उतरवून ठेवला आणि एखाद्या विद्यार्थ्याने तो मोबाइलवर वाचला, तर त्याला छापील म्हणावे की इलेक्ट्रॉनिक, हा प्रश्न गौण ठरतो. महत्त्वाचा प्रश्न असा की, हा कोणता अवतार आहे? वैद्यांचा, नागरांचा की पोतदारांचा? ज्या संकेतस्थळावर याचे उत्तर मिळत नाही, तेथील मजकूर वाचून आनंद घ्यावा. परंतु त्याच्या बळावर इतिहास लिहू नये.

यावर काही शिक्षक म्हणतील, 'हे सारे ठीक आहे. पण छापील पुस्तक स्थिर असते. आज पाहिलेले पान उद्याही तसेच राहते. इंटरनेटवरील मजकूर मात्र रातोरात बदलतो किंवा नाहीसा होतो. शिवाय पुस्तकामागे लेखक असतो, प्रकाशक असतो. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असते.' हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. २००९ मध्ये याहू या कंपनीने जिओसिटीज ही सेवा बंद केली, तेव्हा सामान्य लोकांनी वर्षानुवर्षे तयार केलेली असंख्य पाने आपल्या जागेवरून नाहीशी झाली. त्यांतील काही इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी जपून ठेवली, म्हणून वाचली. पुस्तकाला वाळवी लागायला वर्षे लागतात. संकेतस्थळ एका दिवसात बंद होऊ शकते.

परंतु या आक्षेपाला दुसरी बाजूही आहे. मराठी विकिपीडियाचे उदाहरण पाहा. २००३ पासून चालू असलेल्या या ज्ञानकोशात कोणीही बदल करू शकतो, म्हणून त्यावर अविश्वास दाखवला जातो. तो काही अंशी रास्तही आहे. पण त्यातील प्रत्येक लेखाला 'इतिहास' नावाचे पान जोडलेले असते. कोणत्या दिवशी कोणता शब्द बदलला गेला, हे त्यात पाहता येते. 'माझा प्रवास' या छापील पुस्तकाला असे पान जोडलेले नव्हते. वैद्यांनी काय बदलले, हे कळण्यासाठी वाचकांना साठ वर्षे थांबावे लागले! उलट, मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली छापून प्रसिद्ध झाला, आणि आज त्याच विश्वकोशातील नोंदी संकेतस्थळावरही वाचता येतात. ज्या तज्ज्ञांनी त्या नोंदी लिहिल्या व तपासल्या, त्यांची जबाबदारी कागदावरून पडद्यावर आल्याने कमी झाली काय? तेव्हा विश्वास माध्यमावर ठेवायचा नसतो. तो जबाबदारीवर ठेवायचा असतो. ज्या मजकुरामागे नाव घेऊन उभे राहणारे कोणी आहे, ज्याने आपले आधार सांगितले आहेत आणि ज्याचे म्हणणे पुन्हा तपासून पाहता येते, ते साधन विश्वासाला पात्र. मग ते कागदावर असो वा पडद्यावर.

याच कसोटीवर आजचे आणखी एक नवे साधन घासून पाहिले पाहिजे. आता संगणकाला प्रश्न विचारला की तो स्वतःच वाक्ये रचून उत्तर देतो. उत्तर सुबक असते, भाषा शुद्ध असते, म्हणून ते एखाद्या ग्रंथातले असावे असा भास होतो. पण त्यामागे नाव घेऊन उभा राहणारा लेखक नसतो. कित्येकदा अशा उत्तरांत अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही दिलेली आढळतात. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाने दिशा दाखवावी, तसा याचा उपयोग करण्यास हरकत नाही. परंतु दाखवलेल्या दिशेला गाव आहे की नाही, हे स्वतः चालत जाऊन पाहिलेच पाहिजे. ते उत्तर म्हणजे साधन नव्हे; फार तर साधनाकडे नेणारी वाट आहे.

आता मूळ सूचनेकडे वळू. 'इंटरनेटवरील माहिती चालणार नाही' हा नियम कोणाला जाचतो? ज्याच्या शाळेत समृद्ध ग्रंथालय आहे, ज्याला दिवसभर अभ्यासासाठी मोकळीक आहे, त्याला तो जाचत नाही. जी स्त्री दिवसभर घरकाम आणि मुलांचे करून रात्री अभ्यासाला बसते, जो तरुण दुकानात किंवा कारखान्यात बारा तास उभा राहून मग वही उघडतो, त्यांना तो जाचतो. लखनौच्या कैसरबागेत अमीर-उद-दौला सार्वजनिक ग्रंथालयासारखे मोठे ग्रंथालय आहे. पण बख्शी का तालाबहून तेथे जाऊन, ग्रंथ मिळवून, टिपणे काढून परत येण्यात कामाचा एक दिवस जातो, आणि रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाला एका दिवसाची किंमत चांगलीच ठाऊक असते. त्यातून मराठी ग्रंथ हवा असेल, तर परप्रांतात तो मिळणे अधिकच कठीण. अशा विद्यार्थ्याच्या हातात एकच ग्रंथालय असते आणि ते म्हणजे त्याचा मोबाइल. ज्या छापील ग्रंथांपर्यंत त्याचे हात कधी पोहोचले नसते, ते ग्रंथ त्याला पडद्यावर भेटतात. नियमाच्या आंधळ्या पालनासाठी त्याच्या हातून हे ग्रंथालय काढून घेणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र हक्काबरोबर कर्तव्यही येते. मोबाइल हे ग्रंथालय मानायचे, तर त्यात ग्रंथालयाच्या शिस्तीने वावरले पाहिजे. शोधात सर्वांत वर आलेले पहिले पान उघडायचे, मजकूर उचलायचा आणि खाली आपले नाव घालायचे, याला अभ्यास म्हणत नाहीत. पुस्तकातून उतारा चोरणे जितके गैर, तितकेच पडद्यावरून चोरणे गैर. दुसऱ्याचे शब्द घेतले तर ते अवतरणचिन्हांत द्यावेत, दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचे ऋण मान्य करावे, ही सभ्यता दोन्हीकडे सारखीच आहे.

हे ऋण मान्य करण्याची पद्धतही सोपी आहे. छापील साधन असेल तर लेखकाचे किंवा संपादकाचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, प्रकाशनाचे वर्ष, आवृत्ती आणि पृष्ठांक द्यावा. जन्माने छापील असलेले साधन पडद्यावर वाचले असेल, तर हीच सर्व माहिती देऊन त्याची छायाप्रत कोणत्या संग्रहात पाहिली हे पुढे जोडावे. साधन जन्मानेच इलेक्ट्रॉनिक असेल, तर लेखक किंवा संस्था, लेखाचे शीर्षक, संकेतस्थळाचे नाव व पत्ता, प्रसिद्धीची तारीख आणि आपण ते कोणत्या दिवशी पाहिले ती तारीख लिहावी. ही शेवटची तारीख अनेकांना अनावश्यक वाटते. परंतु मजकूर पुढे बदलला किंवा नाहीसा झाला, तरी आपण त्या दिवशी काय पाहिले याची ती साक्ष असते. शक्य असेल तर त्या पानाची एक प्रत आपल्याजवळ जपून ठेवावी.

आणखी एक गोष्ट. छापील आणि इलेक्ट्रॉनिक या वादात आपण एका तिसऱ्याच साधनाला विसरतो, आणि ते साधन म्हणजे माणूस. ज्या अमृतलाल नागरांचा उल्लेख वर आला, त्यांनी १८५७ च्या शताब्दीच्या सुमारास अवधच्या गावोगावी फिरून लोकांच्या तोंडून बंडाच्या आठवणी, कथा, दंतकथा गोळा केल्या आणि त्यांतून १९५७ मध्ये 'गदर के फूल' हे पुस्तक सिद्ध झाले. त्यातील बरीचशी माहिती त्याआधी ना छापलेली होती, ना कोठल्या दप्तरात नोंदलेली. म्हातारी माणसे बोलली म्हणून ती टिकली. बख्शी का तालाबवर प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थिनीनेही तलावाच्या काठी जाऊन तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, तेथील वडीलधाऱ्यांशी बोलावे, रेल्वेत किंवा शेतीत आयुष्य काढलेल्या माणसांना गाव पूर्वी कसे होते ते विचारावे आणि त्यांनी सांगितलेले तारखेसह लिहून ठेवावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवली, तर तीही मोलाची ठरते. कदाचित उद्याच्या अभ्यासकाला तिची वहीच साधन म्हणून वापरावी लागेल.

म्हणून प्रकल्पाच्या सूचनेतील ते वाक्य बदलावे, असे मला सुचवावेसे वाटते. 'दोन छापील व दोन इलेक्ट्रॉनिक साधने' अशी मोजणी करण्याऐवजी 'एकमेकांवर अवलंबून नसलेली किमान तीन साधने वापरा. प्रत्येक साधन कोणाचे, केव्हाचे आणि आपण ते कोठे पाहिले हे सांगा. त्यांत मतभेद आढळल्यास तो लपवू नका' असे लिहावे. या सूचनेचे पालन करणे अधिक कठीण आहे. पण तिचे पालन करणारा विद्यार्थी ग्रंथालयात बसलेला असो की स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली, तो खराखुरा अभ्यास करील. आणि नवे माध्यम आले म्हणून त्याला पुन्हा नवा नियम शिकवावा लागणार नाही.

स्वाध्याय

१. जन्माने छापील आणि जन्माने इलेक्ट्रॉनिक साधनांत लेखक कोणता फरक करतो? पाठातील प्रत्येकी एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. 'दहा ठिकाणी एकच वाक्य शब्दशः आढळले, तर ते दहा पुरावे नव्हेत.' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

३. 'माझा प्रवास' या ग्रंथाच्या उदाहरणातून लेखकाला काय सिद्ध करावयाचे आहे?

४. छापील साधन अधिक स्थिर असते, या आक्षेपाला लेखकाने दिलेले उत्तर तुम्हाला पटते का? सकारण लिहा.

५. तुम्ही राहता त्या गावाच्या किंवा वस्तीच्या नावाचा शोध घ्या. एक छापील साधन, एक इलेक्ट्रॉनिक साधन आणि एका वडीलधाऱ्या व्यक्तीची मुलाखत यांच्या आधारे दीडशे शब्दांत टिपण लिहा आणि प्रत्येक साधनाची नोंद पाठात सांगितलेल्या पद्धतीने करा.